एकशे चौदावरचा ठिपका

रुपालीने लेझर पॉइंटरच्या तोंडाची पितळी टोपी फिरवून काढली, आतलं भिंग उजेडाकडे धरलं आणि तिला एकदम हसू फुटलं. मसुरीच्या डाळीएवढं ते भिंग, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं पांढरंफटक झालं होतं.

"भाऊसाहेब, हे तुमी कशानं चिकटवलंत?"

काउंटरच्या पलीकडे उंबरखोरीचा ग्रामसेवक रविंद्र उभा होता. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात, मग तो वयाने धाकटा का असेना. हा तर रुपालीपेक्षा चारपाच वर्षांनी लहान होता. तालुक्याच्या कामाला शहापुरात आला होता आणि तिने निरोप धाडला होता म्हणून पंचायतीचा पॉइंटर घेऊन दुकानात शिरला होता.

"ते निघून पडलं होतं," तो ओशाळून म्हणाला. "ती झटपट चिकटायची ट्यूब मिळते ना, तिचा एक थेंब लावला. कडेलाच लावला हो."

"थेंब कडेला राहिला, पण त्याची वाफ काचेवर बसली. त्या ट्यूबनं चष्मा चिकटवला तरी हेच होतं. कधी केलात हा उद्योग?"

"डिसेंबरमध्ये. जानेवारीच्या सभेच्या आधी."

रुपालीचं हसू आलं तसं मावळलं. तिने भिंग कागदावर ठेवलं. जानेवारीच्या सभेत तिने स्वतः हात वर केला होता.

रुपालीचं माहेर टोकावड्याचं. बापाचं तिथे रस्त्यालगत टीव्ही-टेप दुरुस्तीचं खोपट होतं. इतर मुली भांडीकुंडी खेळायच्या त्या वयात ही कॅसेटच्या पट्ट्या गुंडाळायला शिकली. लग्न होऊन खर्डीजवळच्या उंबरखोरीत आली आणि चार वर्षांनी शहापूरच्या बाजारात तिने स्वतःचं दुकान टाकलं. मिक्सर, पंखे, रिमोट, जुने टीव्ही. बाई पेचकस धरते म्हणून पहिल्यांदा लोक नुसते बघायला यायचे, मग बिघडलेल्या वस्तू घेऊन यायला लागले. वस्तू टेबलावर ठेवली की तिचं काय दुखतंय ते रुपाली उघडायच्या आधी सांगायची. म्हणूनच जानेवारीची गोष्ट तिला जास्त लागली होती. त्या दिवशी तिने दुखणं पहिल्याच क्षणी ओळखलं होतं आणि तोंड उघडलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकल्यावर शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा भरली होती. खडी क्रशर काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा मितेश नावाचा माणूस आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपल्याच घरचं लग्न जमवायला आलाय. खिडक्यांना ताडपत्र्या लावून त्याने शाळेच्या प्रोजेक्टरवर उपग्रहातून काढलेलं गावाचं चित्र भिंतीवर पाडलं. लोक हरखले. स्वतःचं कौल आभाळातून दिसलं की कोण हरखणार नाही? कुणी आपला गोठा शोधत होतं, कुणी दारातला आंबा. त्या गडबडीत मितेशने पंचायतीचा पॉइंटर घेतला, बटण दाबलं आणि म्हणाला, "गट नंबर एकशे चौदा. हा एवढा भाग. सगळा पडीक आहे."

भिंतीवर लाल डाग पडला. ठिपका नव्हे, डाग. भात पाखडायच्या सुपाएवढा, कडा विरघळलेला. त्यात डोंगर होता, उतार होता, खालचा माळ होता, झाडं होती, आणि नीट बघितलं तर काहीच नव्हतं.

आता उंबरखोरीत जमिनीला कुणी नंबराने ओळखत नाही. तलाठ्याच्या दप्तरात नंबर असतील, पण गावात प्रत्येक तुकड्याला नाव आहे. लांबडं, जांभळीतलं, चिंचेखालचं, थोरली दळी. एकशे चौदा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला जीभ कुणाची रेटली नाही. पडीक म्हटल्यावर मात्र सगळ्यांना एकच जागा आठवली. गावामागचा टकल्या. नुसता काळा खडक, गवताची काडी नाही, शेळीसुद्धा तिकडे फिरकत नाही. न्या बापडे टकल्याला, म्हणाले लोक. ज्याला त्याला त्या डागात टकल्याच दिसला. जागा कंपनीला द्यायच्या ठरावावर हात वर झाले.

मागे बायकांत बसलेल्या रुपालीने बघता क्षणी ओळखलं होतं की भिंग धुरकटलंय. शेजारणीच्या कानात तिने "पॉइंटरला चष्मा लावा म्हणावं" अशी थट्टाही केली होती. मग सगळ्यांबरोबर तिचाही हात वर गेला. 

मार्चमध्ये सासू धोंडीबाई आणि ती पाण्याला गेल्या, तेव्हा टाक्याच्या वरच्या अंगाला दहा पावलांवर एक खुंटी ठोकलेली दिसली. खुंटीला लाल फडकं. धोंडीबाईने मान वळवली, तर खालच्या अंगाला दुसरी खुंटी, आणि ती टाक्याच्या पलीकडे. म्हणजे टाकं दोन्हीच्या मधे.

या टाक्याला बायांचं टाकं म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी उंबराच्या तीन झाडांखाली दगडांनी बांधून काढलेला, उभ्या माणसाच्या छातीइतका खोल खड्डा. पण मे महिन्यात पंचायतीची विहीर तळ दाखवते तेव्हाही त्यात पाणी असतं. पन्नासएक वर्षांपूर्वी गावातले पुरुष भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर गेले असताना नऊ बायांनी ते दोन उन्हाळे खपून खणलं. त्या नऊ जणींत सर्वांत लहान धोंडीबाई होती, नुकती लग्न होऊन आलेली. पुरुष परत आले ते पाणी प्यायले आणि विसरून गेले. कुणी कचेरीत जाऊन नोंद केली नाही. सरकारच्या लेखी तिथे काही नाही, झाडंसुद्धा नाहीत.

धोंडीबाई तिथल्या तिथे खाली बसली. म्हणाली, "रुपाली, हे कुणी ठोकलं गो?"

रुपालीकडे उत्तर होतं, पण ते सांगायची तिला लाज वाटली.

दोघी तशाच सरपंचाकडे गेल्या. सरपंच साईनाथ म्हणजे नात्याने धोंडीबाईचा पुतण्या, रुपालीचा चुलत दीर. त्याने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाला, "काकी, जानेवारीत भिंतीवर दाखवलं की. सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी हात वर केले, तुझ्या सुनेनं पण. आता मागनं बोलून काय उपयोग?"

"टाकं जातंय साईनाथ."

"टाकं नकाशात नाय काकी. आणि कंपनी टँकर देणार हाय. पोरांना काम देणार हाय."

"भावजी," रुपाली म्हणाली, "टँकरला डायवर लागतो, डिझेल लागतं, वर कुणाची तरी सही लागते. टाक्याला नुसती कळशी लागते."

साईनाथला बोलणं झोंबलं. "एक मेच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचंय. तेवढंच राहिलंय. उगा फाटे फोडू नको," म्हणाला आणि आत निघून गेला.  घरी येताना रुपालीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या उजव्या हाताचा राग आला.

आणि म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिने रविंद्रला दुकानात बोलावून पॉइंटर मागितला होता.

"कशाला एवढी खटपट?" रविंद्र म्हणाला. "नवीन मागवू ऑनलाइन. दोन दिवसांत येतो."

"नको. ज्यानं दाखवलं त्यानंच परत दाखवायचं. नवा आणलात तर म्हणतील, जुना बरोबर दाखवत होता, नव्यानं घोळ घातला."

"पण साईनाथभाऊंना विचारलेलं नाही मी."

"पंचायतीची वस्तू दुरुस्त करायला विचारावं लागतं? बिघडवताना विचारलं होतं तुमी?"

रविंद्र माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता, आणि त्या ट्यूबची त्याला मनापासून लाज वाटत होती. पॉइंटर ठेवून तो निघून गेला.

रुपालीने आधी सोपा उपाय करून बघितला. पलीकडच्या जनरल स्टोअरमधून किल्लीला लटकवायचा खेळण्यातला लेझर आणला, त्याचं भिंग काढून बसवलं. ते प्लॅस्टिकचं, व्यासाला लहान, आत खुळखुळायला लागलं. ठिपका पडला, पण पॉइंटर हलवला की तो दारुड्यासारखा झोकांड्या खायचा. असला ठिपका घेऊन भांडायला गेलं तर आपलंच हसं व्हायचं.

मग तिने माळ्यावरून जुन्या डीव्हीडी प्लेयरचं खोकं खाली ओढलं. एके काळी लग्नाच्या हळदीला, गणपतीत, भाड्याने नेलेले प्लेयर तिच्याकडे रडत यायचे आणि गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, लेन्स गेली. लेन्स म्हणजे तबकडी वाचणारा अख्खा डोळा. त्या डोळ्यात वरचं एक बारीक भिंग असतं आणि आत खोल आणखी एक, खऱ्या काचेचं, उजेडाला सरळ वाट दाखवणारं. प्लेयरचा उजेडही लाल आणि पॉइंटरचाही लाल. तिने तीन प्लेयर उघडले. दोघांची आतली काच बुरशीने गेलेली. तिसऱ्याची लख्ख निघाली.

काच पॉइंटरच्या नळीपेक्षा किंचित लहान होती. चिकटवायचं नव्हतं, एकदा चिकटवून काय झालं ते समोर होतं. तिने जुन्या पेनाच्या टोपणाचा कागदाइतका पातळ काप काढला, त्याचं कडं करून काच त्यात घट्ट दाबली, कडं नळीत बसवलं, वर जुनी स्प्रिंग ठेवली आणि टोपी फिरवली. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या बोळकांडीत भिंतीवर नेम धरून बटण दाबलं. पापडाएवढा लाल गोल पडला.

रुपालीने कपाळावर हात मारून घेतला. काचेची फुगीर बाजू आत गेली होती. तिने सगळं परत खोललं, काच उलटली, टोपी परत बसवली. या वेळी गोल रुपयाएवढा झाला. मग तिने टोपीचे आटे हळूहळू फिरवले. पाव आटा, पुन्हा पाव आटा. गोल आक्रसत गेला, मधेच पसरला, तिने आटा केसभर मागे घेतला, आणि बोळाच्या टोकाला भिंतीवर तीळ ठेवावा तसा लाल ठिपका उभा राहिला. तिने टोपीच्या आट्यावर नखाने खूण केली. दुरुस्त झालेली वस्तू बघून तिला नेहमी बरं वाटायचं. आज बरं वाटलं नाही, हुरूप आला.

सभेच्या आदल्या दिवशी ती आणि धोंडीबाई सकाळीच निघून सगळ्या खुंट्या चालून आल्या. एकूण अकरा. धोंडीबाईचे गुडघे दुखत होते तरी तिने एकही खुंटी सोडली नाही. प्रत्येक खुंटीपाशी ती थांबून जागेचं नाव घ्यायची आणि रुपाली ते मनात ठेवायची.

एक मेला शाळेचा वर्ग गच्च भरला होता. बायका मागे, पुरुष पुढे, खुर्च्यांवर साईनाथ, मितेश आणि वही घेऊन रविंद्र. खिडक्यांना ताडपत्र्या होत्या, पण त्या उन्हासाठी. प्रोजेक्टर कोपऱ्यात झाकून ठेवला होता. रविंद्रने पहिला विषय वाचला. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

रुपाली उठून उभी राहिली. "आधी भिंतीवर दाखवा. मग कायम करा."

पुढच्या रांगेत दोघेतिघे हसले. साईनाथ मान न वळवता म्हणाला, "तो विषय जानेवारीत झाला."

"जानेवारीत पॉइंटरला दिसत नव्हतं. आता दिसतंय. मी दुरुस्त केलाय."

मितेश मोकळेपणाने हसला. "ताई, तांत्रिक गोष्टी आहेत. गट नंबर ठरावात स्पष्ट लिहिलाय."

"नंबर तुमचा हाय. जागा आमची हाय. ती दाखवा."

 मग बायकांतून कुणीतरी म्हणालं, "दाखवा की. आमाला तवा काय कळलंच नव्हतं." दुसरी म्हणाली, "दाखवायला काय जातं?" आणि पुरुषांतूनही एकाने री ओढली. साईनाथने रविंद्रकडे बघितलं. नाही म्हण, असं ते बघणं होतं. रविंद्रला ते कळलं आणि तरीही तो उठला आणि त्याने प्रोजेक्टरवरचं फडकं काढलं. आयुष्यात त्याने केलेलं हे सर्वांत मोठं बंड असावं.

भिंतीवर गाव उमटलं. मितेशने रुपालीकडून हातोहात पुढे आलेला पॉइंटर घेतला आणि बटण दाबलं. लोकांच्या तोंडून आपसूक "हां" निघालं. टिकलीएवढा लाल ठिपका बरोबर शाळेच्या पत्र्यावर पडला होता. मितेशलाही ते अनपेक्षित असावं. त्याने घाईघाईने मनगट फिरवून डोंगरावर एक मोठा गोल काढला. "हा भाग. एवढाच."

"फिरवू नका," रुपाली म्हणाली. "एका जागी टेकवा. तुमच्या पहिल्या खुंटीवर."

"खुंट्या मी नाही ठोकल्या ताई, सर्व्हेची माणसं वेगळी असतात."

"पण तुमच्याच आहेत ना?"

"आमच्याच आहेत."

"मग द्या इकडे. मी अकराच्या अकरा चालून आलेय."

मितेश वैतागला होता. करा काय करायचं ते, अशा थाटात त्याने पॉइंटर पुढे केला. रुपाली बायकांमधून वाट काढत पुढे आली. ठिपका हलू नये म्हणून तिने उजवं मनगट डाव्या हातात धरलं. ठिपका डोंगराच्या माथ्यावर टेकला.

"पहिली खुंटी. ही जागा कुठली?"

"टकल्या," सगळे म्हणाले.

"दुसरी."

"टकल्याच. मागचा कडा."

"तिसरी."

"करवंदीचा उतार."

इथे पहिल्यांदा लोकांनी एकमेकांकडे बघितलं. करवंदीचा उतार टकल्यात धरत नाहीत. तिथे बायका शेण्या वाळवतात, पोरं करवंदं काढतात. रुपालीने ठिपका खाली आणला. चौथी. वरकडची दळी, कुणीतरी म्हणालं, त्या उतारावरच्या तुकड्यात आमची नागली असते. पाचवी. गुरांची वाट. सहावी. खळ्याचा माळ. आता उत्तरं एकेका कोपऱ्यातून येत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर आवाज चढत होता. ज्याच्या जागेवर ठिपका येई तो उठून उभा राही. ज्या गावाने जानेवारीत टकल्या समजून हात वर केले होते, त्याच्या निम्म्या नावांवरून तो लाल तीळ फिरत चालला होता.

"सातवी ही. आठवी ही. या दोघींच्या मधे काय हाय?"

ठिपका तीन झाडांच्या काळपट ठिगळावर थांबला.

"बायांचं टाकं," मागून साऱ्या बायका एका आवाजात म्हणाल्या.

मितेश उठला. त्याचा आवाज आता लग्न जमवायला आलेल्याचा राहिला नव्हता. "हे बघा, भावना समजू शकतो. पण रेकॉर्डला इथे काही नाही. विहीर नाही, झरा नाही, टाकं नाही. चित्रातही झाडंच दिसतायत. नसलेल्या गोष्टीवर चर्चा कशी करणार?"

 रेकॉर्डला काही नव्हतं हे खरंच होतं. ठिपका कितीही बारीक केला तरी कागदावर नसलेलं पाणी तो दाखवणार कसा? तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला आणि तिला वाटलं, संपलं.

तेव्हा धोंडीबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत, कुणाचा आधार न घेता ती वर्गाच्या मधून चालत भिंतीपाशी गेली. लोकांनी वाट दिली. प्रोजेक्टरच्या उजेडात तिच्या पाठीवर, लुगड्यावर, अख्खं गाव पसरलं. तिने हात वर केला आणि पंजा त्या ठिगळावर दाबून धरला. लाल ठिपका तिच्या सुरकुतलेल्या हातावर येऊन बसला.

"हे हितं हाय," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "ह्या हातानं खणलंय. नऊ जणी होतो. आमच्यापाशी टिकाव एक आणि घमेली दोन. पहिल्या उन्हाळ्यात खडक लागला, पाणी नाय लागलं. सगळे हसले. दुसऱ्या उन्हाळ्यात लागलं. आता आमी दोघीच उरलोय, दुसरी ती खाटेवर पडून हाय. साईनाथ, तुझी आय सकूबाई, ती पाच महिन्यांची पोटुशी असताना दगड उचलत होती. तू होतास तिच्या पोटात. तुला नकाशात दिसत नाय व्हय रे टाकं?"

 साईनाथच्या चेहऱ्याकडे बघायची कुणाला हिंमत झाली नाही.

मितेशने पुढे होऊन प्रोजेक्टरची वायर खेचली. चित्र विझलं. डोंगर, दळ्या, कौलं, सगळं गेलं आणि चुन्याची कोरी भिंत उरली. ताडपत्र्यांच्या अंधारात तिच्यावर धोंडीबाईचा पंजा आणि त्यावरचा लाल ठिपका एवढंच दिसत होतं. धोंडीबाईने हात काढला नाही.

"नकाशा गेला," ती म्हणाली. "मी हाय."

  रुपालीने ठिपका तसूभर न हलवता आवाज चढवला.

"भाऊसाहेब, वही उघडा. जानेवारीत मी हात वर केला होता. मला चुकीची जागा दाखवली आणि दिसत असून मी गप्प बसले. तो हात मी आज खाली घेते. माझ्या नावानिशी लिहा."

रविंद्र गोंधळला. "असं लिहायला रकाना नाही, वहिनी. हात वर किती ते लिहितात. खाली घेतलेल्यांचा रकानाच नसतो."

"मग आखा. पट्टी हाय ना तुमच्याकडे?"

रविंद्रने साईनाथकडे बघितलं नाही. त्याने खिशातून पेन काढलं, पट्टी घेतली आणि वहीत उभी रेघ ओढली.

"माझा पण खाली," मागून एक बाई म्हणाली. "आणि अमक्याची बायको असं नाय लिहायचं. माझं नाव लिहा. दिपाली."

"माझा पण."

"आमच्या घरातले चारी हात खाली."

नावं येत गेली. रविंद्र मान खाली घालून लिहीत गेला आणि एकेकाला दोनदा नाव विचारत गेला, चूक होऊ नये म्हणून. मितेशने दोनदा घड्याळ बघितलं, एकदा फोन कानाला लावला, मग आपली बॅग घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी थांबवलं नाही आणि बसही म्हणालं नाही.

बऱ्याच वेळाने खुर्चीतून आवाज आला. "भाऊसाहेब, साईनाथ सकूबाई असं लिहा," सरपंच म्हणाला. "खाली."

धोंडीबाईचा दंड आता भरून आला होता. रुपालीचा अंगठाही बटणावर बधिर झाला होता. वहीतलं पान भरलं होतं आणि रविंद्र दुसरं उलटत होता.

"रुपाली," भिंतीकडे तोंड करूनच म्हातारीने विचारलं, "किती वेळ धरू गो हात?"

"सगळ्यांच्या सह्या होईस्तोवर, आई," रुपाली म्हणाली. "मी पण धरलाय."